तीन पावांचे मानचिन्ह

"हात धुतलेस का?" इशबेल डोइगने पिठाच्या टेबलापलीकडून विचारले.

"धुतले," फर्गस म्हणाला.

"साबणाने?"

फर्गस परत नळाकडे गेला. लग्न झाल्यापासून हा संवाद रोज होत असे आणि रोज याच ठिकाणी संपत असे. नवऱ्याला जे लागू, तेच इशबेल नोकरांना, पीठ टाकायला येणाऱ्या ड्रायव्हरला आणि एकदा तर आरोग्य खात्याच्या निरीक्षकालाही लावत असे. तो निरीक्षक हात धुऊन, ते दोन्ही बाजूंनी दाखवून मगच आत आला होता, आणि बाहेर पडताना त्याने तिला सलाम केला होता.

शनिवार होता. ड्रमकेल्डीत शनिवारी डोइगांच्या बेकरीत ब्रायडी मिळते. ब्रायडी म्हणजे खिम्याची करंजीच म्हणा, पण एक खाल्ली की संध्याकाळपर्यंत कोणाशी भांडावेसे वाटत नाही, एवढी भरभक्कम. रांग बंदरापर्यंत गेली होती. फर्गसचे लक्ष मात्र रांगेत नव्हते. ते दारावर होते. दारावर कालच एक ढाल चढली होती. लालभडक रंग, आणि त्यावर तीन पांढरे पाव.

ही ढाल त्याला एडिनबरात सापडली. किल्ल्याच्या उतारावर घराण्यांची मानचिन्हे विकणाऱ्या एका दुकानात त्याने सहज आपले आडनाव सांगितले. दुकानदाराने ते संगणकात घातले आणि म्हणाला, "डोइग ना? आहे की! थोर घराणं." कागदावर ते तीन पाव उमटलेले पाहून फर्गसने तो कागद तिथल्या तिथे विकत घेतला. म्हणजे आपण मुळापासूनच बेकरीवाले! मग काय, लाकडी ढाल झाली, कागदी पिशव्या झाल्या, एप्रन झाले, व्हॅन रंगली. यामागे आणखी एक कारण होते. समोर वॉटी पिरीचे मासळीचे दुकान होते आणि त्यात एका ड्यूकचा फोटो होता. ड्यूक वॉटीचा धुरी दिलेला हॅडॉक मासा खात होता. चेहऱ्यावरून त्याच्या घशात काटा अडकलेला दिसत होता; पण ड्यूक तो ड्यूकच.

रांगेतून एक उंच, कृश गृहस्थ काउंटरशी आला. हातात छत्री, डोक्यावर टोपी. त्याने ब्रायडी घेतली, बाजूला उभे राहून डोळे मिटून ती संपूर्ण खाल्ली, पिशवीची नीट घडी घातली आणि मग तो फर्गसकडे वळला.

"मिस्टर डोइग, इतकी सुंदर ब्रायडी मी जन्मात खाल्ली नव्हती."

"थँक्यू, साहेब."

"आणि दारावरची ती ढाल हा गुन्हा आहे."

दोन्ही वाक्ये त्याने एकाच सुरात उच्चारली. फर्गसला आधी पहिल्याच वाक्याचा आनंद पुरत होता. दुसरे आत शिरायला वेळ लागला.

"कसला गुन्हा?"

"जुना. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा कायदा आहे. मी ऑलिफंट, एडिनबराला मानचिन्हांच्या सरकारी कचेरीत असतो. आज सुटीवर आहे, पण डोळ्यांना काही सुटी देता येत नाही."

"अहो, पण ते आमच्या आडनावाचं चिन्ह आहे!"

"आडनावाला चिन्ह नसतं. माणसाला असतं. एक माणूस, एक ढाल. आडनावाला ढाल द्यायची म्हणजे गावातल्या सगळ्या डोइगांनी मिळून एक टूथब्रश वापरण्यासारखं आहे."

"मग ही ढाल कोणाची?"

"डंडीत एक डोइग आहेत, त्यांची. फार सज्जन माणूस. रीतसर अर्ज करून मिळवलीय त्यांनी."

"ते पण बेकरीवाले?"

मिस्टर ऑलिफंट क्षणभर घुटमळले. कायद्याच्या बाबतीत ते कधी घुटमळत नसत. हे घुटमळणे निव्वळ माणुसकीचे होते.

"दातांचे डॉक्टर," ते म्हणाले.

फर्गसने हातातल्या पिशवीकडे पाहिले. प्रत्येक पावाला खाली दोन टोके होती. जुन्या काळी पाव तसे करत असतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

"म्हणजे हे पाव..."

"दाढा आहेत त्या!" इशबेलने दुसरी एक पिशवी खिडकीशी नेऊन उजेडात धरली होती. "मुळांसकट! मी त्या दिवशीच म्हटलं होतं, पावाला कधी पाय फुटतात का? तर म्हणे, तुला इतिहास कळत नाही."

"हळू बोल ना, बाई," फर्गस कळवळून म्हणाला आणि त्याची नजर समोरच्या मासळीच्या दुकानाकडे गेली. बेकरीच्या दारावर दाढा! वॉटी पिरीला हे कळले तर नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरवून पुरवून वापरेल तो.

"काय शिक्षा असते?" त्याने विचारले.

"पूर्वी कचेरीची माणसं येऊन चिन्ह फोडायची. खिडकीवर असेल तर खिडकी, ताटावर असेल तर ताट."

"आणि व्हॅनवर असेल तर?"

"तेव्हा व्हॅन नव्हत्या. तत्त्व मात्र तेच," मिस्टर ऑलिफंट म्हणाले. मग फर्गसचा चेहरा पाहून त्यांनी आवाज मवाळ केला. "घाबरू नका हो. आज ढाल झाकून टाका, सवडीने उतरवा. आणि चिन्ह हवंच असेल तर स्वतःचं मागा. अर्ज कोणीही करू शकतं. माणूस गुणी आणि लायक असला की झालं."

"घ्या! तिथेच तर घोडं अडलं," इशबेल म्हणाली.

मिस्टर ऑलिफंटनी परतीच्या प्रवासासाठी आणखी दोन ब्रायडी घेतल्या. बाहेर पडल्यावर त्यांनी वर पाहून टोपी किंचित उचलली. तो मान त्या डंडीच्या दंतवैद्याचा होता. ढाल चुकीच्या दारावर असली म्हणून तिच्या मालकाचा मान कमी होत नाही, एवढा काटेकोरपणा त्या माणसात होता.

पिशव्या आणि एप्रन भट्टीत गेले, व्हॅनवर रंगाचा हात फिरला आणि फर्गस शिडीवर चढला. ढालीवर त्याने मैद्याचे रिकामे, पांढरेशुभ्र पोते उलटे चढवले आणि खाली दोरीने गळ्याशी बांधून टाकले. फर्गसची गाठ गावात प्रसिद्ध होती. तरुणपणी एक उन्हाळा तो मामाच्या बोटीवर होता. तिथे तो गाठ मारायला शिकला. ती सोडवण्याचा धडा येण्याआधीच त्याला बोट लागून घरी पाठवण्यात आले होते.

संध्याकाळी वॉटी पिरी रस्ता ओलांडून आला.

"काय रे डोइग, कालच चढवलंस आणि आज बुरखा? ढाल लाजली की काय?"

"एडिनबराहून साहेब आले होते," फर्गस म्हणाला. खोटे बोलायची त्याला सवय नव्हती. म्हणून त्याने खरे बोलून मधेच थांबायचे ठरवले. "सरकारी. ब्रायडी खाऊन गेले. म्हणाले, सध्या झाकून ठेवा."

"सध्या?" वॉटीचे डोळे बारीक झाले. "म्हणजे पुढे काहीतरी आहे!"

"मी कुठे काय म्हटलं?"

"तेच तर! तू काही म्हणत नाहीस म्हणजे नक्कीच काहीतरी आहे."

सरकारी साहेबाचा रात्रीपर्यंत दरबारी साहेब झाला. सोमवारी ब्रायडी राजवाड्यावर जाणार असल्याचे कळले. मंगळवारी ती राजाला आवडल्याचे कळले, आणि बुधवारी राजाने सोबत थोडी मोहरी मागितल्याचेही कळले. पोत्याखाली पावांशेजारी राजाचे काय चढले असेल यावर दारूच्या गुत्त्यात पैजा लागल्या. शेजारच्या गावांतून लोक पोते बघायला येऊ लागले, आणि आलेच आहेत तर ब्रायडी घेऊन जाऊ लागले. ढाल गुपचूप उतरवायची सोयच उरली नाही. पहाटे बोटी सुटतात तेव्हा खलाशी वर पाहत, रात्री गुत्ता सुटतो तेव्हा गिऱ्हाईक वर पाहत. पोते काढले की आता निरखून पाहणाऱ्यांना दाढा दिसणार, हे तर ठरलेलेच.

गुरुवारी नगराध्यक्षा मिसेस टॉश आल्या. गळ्यात पदाची साखळी घालून आल्या, म्हणजे भेट औपचारिक होती.

"फर्गस, पुढच्या शनिवारी गावची जत्रा. अनावरण माझ्या हस्ते. बँड येईल. नाही म्हणायचं नाही."

"बाई, ते अजून..."

"नम्रपणा पुरे! या गावात आजवर राजाकडून फक्त कराच्या नोटिसा आल्यात. लोकांना जरा आनंद होऊ दे."

त्या गेल्यावर इशबेल म्हणाली, "आता सांगून टाक सरळ."

"काय सांगू? की तुम्हाला पाव म्हणून दाढा दाखवणार होतो?"

"मग काय करणार आहेस?"

"खरंखुरं चिन्ह मिळवतो. शनिवारच्या आत," फर्गस म्हणाला आणि एडिनबराच्या बसमध्ये जाऊन बसला.

कचेरीत शिरल्यावर मात्र तो आपले काम विसरला. खिडकीशी एक बाई वासराच्या चामड्यावर चित्र रंगवत होती. चार केसांच्या कुंचल्याने ती एका सशाच्या कानाला सोन्याचा वर्ख लावत होती. ससा नखाएवढा होता. कान केवढा असेल याचा हिशेब वाचकांनी करावा. फर्गसने श्वास रोखून धरला. त्याला इशबेल आठवली. लग्नाच्या केकवर साखरेचा गुलाब ठेवताना तिचाही हात असाच, आधी थांबून मग उतरत असे.

मिस्टर ऑलिफंटनी त्याचा अर्ज वाचला. त्याने आपल्या मागण्या मनापासून लिहिल्या होत्या.

"सिंह," मिस्टर ऑलिफंट वाचू लागले. "जहाज. किल्ला. काटेरी फूल. भट्टी, जळती. बॅगपाइप. आणि ब्रायडी."

"ब्रायडी तीन घातल्या तरी चालतील."

"मिस्टर डोइग, ही ढाल नाही, माळ्यावरची अडगळ आहे. ढालीचा नियम एकच. धूळ उडालीय, लढाई जुंपलीय, समोरून घोडेस्वार भरधाव येतोय, तरी त्याला दुरून कळलं पाहिजे की हा अमुक. तुमची ढाल वाचेपर्यंत तो तुम्हाला कापून पुढच्या गावी पोचलेला असेल."

"मग काय घालू?"

"त्याच्यासाठीच वेळ लागतो. विचार, पत्रव्यवहार, आखणी, रंगकाम. दीडेक वर्ष धरा."

"शनिवारी जत्रा आहे!"

"आमच्या कचेरीने लढायासुद्धा संपू दिल्यात, घाई केली नाही," मिस्टर ऑलिफंट म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तोरा नव्हता. मोरी तुंबली आहे असे सांगावे तसे त्यांनी ते सांगितले. "आता दारावर काय आहे?"

"पोतं."

"कसलं?"

"मैद्याचं. पांढरं. आमच्या निळ्या भिंतीवर भुतासारखं दिसतंय."

"हं," मिस्टर ऑलिफंट म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. "ब्रीदवाक्याची जागा तुम्ही कोरी ठेवलीत."

"लॅटिन येत नाही हो मला."

"लॅटिन कशाला? जुन्या घराण्यांची ब्रीदं म्हणजे लढाईतल्या आरोळ्या. घरात जे रोज ओरडलं जातं, ते बहुतेक खरं ब्रीद असतं."

फर्गस काहीतरी बोलणार होता. पण बसची वेळ झाली होती.

जत्रेच्या दिवशी ड्रमकेल्डीत एवढी माणसे जमली की समुद्राच्या बाजूची माणसे जरा जपूनच टाळ्या वाजवत होती. बँड वाजला. मिसेस टॉशनी दोन शब्द बोलते म्हणून पुष्कळ शब्द बोलून घेतले आणि दोरी ओढली. पोते हलले नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओढली. बँडवाल्यांनी तीच धून पुन्हा धरली. मग दोन नगरसेवक दोरीला लोंबकळले. ढाल कुरकुरली, पोते फुगले, गाठ आणखी घट्ट बसली. पाइप फुंकणाऱ्याचे गाल जांभळे झाले.

"बाजूला व्हा!" म्हणत वॉटी पिरी शिडी घेऊन आला. तोंडात मासे सोलायची सुरी धरून तो वर चढला आणि ती हातात घेऊन म्हणाला, "कापतो एका झटक्यात!"

"ए वॉटी!" इशबेल ओरडली. "हात धुतलेस का? माझं चांगलं पोतं आहे ते!"

गर्दी हसली. वॉटीने खरेच एकदा हातांकडे पाहिले. तेवढ्या अवधीत फर्गसच्या मनात काय झाले ते त्यालाही पुढे नीट सांगता आले नाही. शिडीच्या पायथ्याशी उभे राहून तो म्हणाला, "वॉटी, थांब. कापू नकोस. पोत्याखाली राजाबिजाचं काही नाही."

बँड थांबला.

"ढाल आहे, पण माझी नाही. दुकानातून आणली. डंडीच्या एका दातांच्या डॉक्टरची आहे. ते साहेब गुन्हा आहे म्हणून सांगायला आले होते." त्याने वर बोट दाखवले. "आणि ते पाव नव्हते. दाढा होत्या."

मग शिडीवरून वॉटी पिरीचे हसणे सुरू झाले. सुरी खाली पडली. तो एका पायरीवर बसला आणि शिडीसकट हलू लागला.

"दाढा! अरे लेका, बेकरीवर दाढा! म्हणजे पाव घे आणि तिथेच दाढ उपटून घे!"

मग सगळे गाव हसले. मिसेस टॉशसुद्धा साखळी सावरत हसल्या. फर्गस मान खाली घालून उभा राहिला. इशबेल काउंटरमागून येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. ती हसत नव्हती, आणि ती हसत नाही हे पाहून पुढच्या रांगेतले लोक एकेक करून गप्प झाले.

"पण आता या कार्यक्रमाचं काय करायचं?" मिसेस टॉशनी विचारले. "दाढांचं अनावरण मी करणार नाही."

वॉटीने डोळे पुसले. शिडीवरून तो पोत्याकडे पाहत राहिला.

"राहू दे की पोतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आमच्या बोटीवरची माणसं परवा सांगत होती. धुकं होतं, चर्चचा मनोरा दिसेना, पण डोइगचं पांढरं पोतं दिसलं. म्हणाली, चला, पाव मिळतो तेच गाव, घर आलं." मग आपल्या तोंडून शत्रूची स्तुती निघाली हे लक्षात येऊन त्याने भर घातली, "तुझ्या थोबाडापेक्षा तरी बरं दिसतं ते."

टाळ्या वाजल्या. मिसेस टॉशनी पोते अनावृत न केल्याचे जाहीर केले, आणि अनावरण न होता पार पडलेला तो बहुधा एकमेव अनावरण-समारंभ असेल. त्या दिवशी ब्रायडी दुपारीच संपल्या.

शेवटची ब्रायडी मिळालेला गृहस्थ छत्री टेकून काउंटरशी उभा होता.

"धुक्यातून ओळखू आलं, असं म्हणाले ना ते?" मिस्टर ऑलिफंटनी विचारले. "घोडेस्वारापेक्षा ही कसोटी कडक आहे. सिंह आणि जहाज वगैरे बाजूला ठेवू का?"

"ठेवा," फर्गस म्हणाला.

"आणि ब्रीद?"

इशबेल जवळच ट्रे पुसत होती. फर्गसने काउंटरवर वाकून त्यांच्या कानात काहीतरी सांगितले. कचेरीची शतकांची परंपरा मिस्टर ऑलिफंटच्या चेहऱ्यावर होती. ती क्षणभर सुटली आणि छत्री खाली पडली.

गाठ शेवटी इशबेलने पोती शिवायच्या दाभणाने उकलली, नको तेव्हा, भल्या सकाळी आणि फुकट सल्ले देणाऱ्या गर्दीसमोर. ढाल घेऊन फर्गस स्वतः डंडीला गेला. दंतवैद्य डोइग खरोखरच सज्जन निघाले. त्यांनी ढाल दवाखान्यात लावली, फर्गसला खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावले आणि दोन दाढा किडल्याचे सांगितले. पोते धुऊन, पेंढा भरून पुन्हा दारावर चढले.

दीड वर्षाने, पुढच्या जत्रेनंतरच्या हिवाळ्यात, एक लांब नळकांडे आले. दुकान नुकतेच बंद झाले होते. फर्गसने ते पिठाच्या टेबलावर ठेवले आणि झाकणाला हात घातला.

"हात धुतलेस का?" इशबेल म्हणाली.

फर्गसने बाहीने टेबल पुसले आणि चामड्याचा तो पट हळूच उलगडला. निळी ढाल. तिच्यावर एकच चांदीचे पोते, गळ्याशी सोन्याच्या दोरीने बांधलेले, आणि गाठ अशी की पाहणाऱ्याला कळावे, ही आता सुटायची नाही. कचेरीतल्या त्या बाईंनी दोरीचा एकेक पीळ रंगवला होता. ढालीच्या वर शिरस्त्राण, त्यावर दोन उघडे हात, आणि सगळ्यांच्या वर एक फीत. फितीवर लॅटिन नव्हते. आपल्याच बोलीत, सोन्याच्या अक्षरांत लिहिले होते: हात धुतलेस का?

इशबेलने ते एकदा वाचले. मग ओठ हलवत पुन्हा वाचले.

"हे राजाच्या नावाने दिलंय?"

"राजाच्या नावाने."

"म्हणजे माझं हे ओरडणं..."

"कायद्याने आपलं झालं. दुसऱ्या कोणी दारावर लावलं तर ऑलिफंटसाहेब हातोडा घेऊन येतील."

"वेडा आहेस तू," ती म्हणाली. त्या सोनेरी अक्षरांना बोट लावून पाहावे म्हणून तिने हात पुढे केला. हात अर्ध्यावर थांबला. तिने तो मागे घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि ती नळाकडे गेली. पाणी बराच वेळ वाहत राहिले.

फर्गस पटावर वाकून गाठ न्याहाळत होता. त्याने मान वर केली नाही.

"साबणाने?" त्याने विचारले.